पाच ते बावीस

६ जानेवारी, मंगळवार

आज साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि तांबड्या पेन्सिलीने एका इमारतीभोवती गोल काढला. त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी ताई राहते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं, आणि आमच्या ऑफिसातला दुसरा न तपासता सही करतो हे मला पुरतं माहीत आहे. त्यापेक्षा मीच बरी.

काम असं. पाण्याच्या मोठ्या नळासाठी बोगदा खणायचा आहे. खणणाऱ्या यंत्राला साइटवर सगळे ‘गांडूळ’ म्हणतात. गांडूळ जमिनीखाली बारा मीटर खोलीवरून पुढे सरकतं, तशी वरची जमीन थोडी खचते. किती खचेल ते मी कॉम्प्युटरवर आधी काढायचं. करारातला नियम सोपा आहे. दहा मिलिमीटरच्या आत असेल तर माणसं घरात राहू शकतात. दहा ते वीस असेल तर लक्ष ठेवायचं. वीसच्या वर गेलं तर घर रिकामं करायचं. ताईची इमारत, चौदा नंबर, जुनी आहे. विटांच्या भिंती, उथळ पाया, सहा बिऱ्हाडं. गांडूळ तिच्याखाली तीन फेब्रुवारीला पोचेल.

बऱ्याच वर्षांनी दैनंदिनी लिहायला घेतली आहे. ऑफिसच्या वहीत फक्त उत्तरं लिहिता येतात, शंका लिहिता येत नाहीत.

८ जानेवारी, गुरुवार

मॉडेल उभं राहिलं. जमिनीचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकाला सांगायचं की तू एवढा कडक, तुझ्यावर एवढा भार, आणि मग बोगद्याचं भोक पाडून कोण किती खाली येतो ते बघायचं. चौकोन मोठे होते तेव्हा उत्तर ८.६ आलं. निम्मे केले, ९.१. आणखी निम्मे केले, ९.१. हातानेही एक सोपं उदाहरण सोडवून बघितलं, तेही जुळलं. म्हणजे गणित सोडवण्यात चूक नाही. पहिली पायरी झाली.

दुसरी पायरी अवघड. मी जी माती कॉम्प्युटरला सांगितली, तीच माती खरोखर खाली आहे का? हे कॉम्प्युटरला विचारून कळत नाही. तिथे जमिनीवरच जावं लागतं, नाहीतर सगळा प्रकार उंटावरून शेळ्या हाकण्याचा. मातीचा कडकपणा नक्की माहीत नाही, म्हणून मी चारशे वेगवेगळे कडकपणे घालून चारशे वेळा गणित चालवलं. सगळ्यांत कमी उत्तर पाच मिलिमीटर, सगळ्यांत जास्त बावीस. पाच म्हणजे काहीच नाही. बावीस म्हणजे ताईचा जिना भिंतीपासून सुटतो.

हा पट्टा आवळायचा तर मोजमाप हवं. गांडूळ सध्या लांब रस्त्याखालून चाललं आहे. तिथे चोवीस पितळी खिळे ठोकलेत. आमचा मोजणीवाला रोज तिथे जाऊन कोणता खिळा किती खाली गेला ते दुर्बिणीतून वाचतो. त्याचं नावच दुर्बीण पडलं आहे. पहिल्या दहा खिळ्यांची वाचनं आली आहेत, त्यांवरून मी मातीचा कडकपणा बसवून घेतला. पुढचे चौदा म्हणजे परीक्षा. मी आधी आकडे सांगायचे, मग त्याने मोजायचे.

दुर्बिणीला मी माझ्या आकड्यांचा तक्ता आजच देऊन ठेवला. वाचताना काही घोळ झाला तर त्याचं त्यालाच कळेल. पन्नाशीचा माणूस, गुडघा धरलेला, पण काम चोख.

१३ जानेवारी, मंगळवार

ऑफिस सुटल्यावर ताईकडे गेले. लांब रस्त्यावर कालच नवं डांबर घातलंय. चपला चिकटत होत्या, पण वर्षानुवर्षांचे खड्डे गेले, जिवाला बरं वाटलं.

ताईचे सासरे, आबा, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले आहेत. पाय गेले, जीभ शाबूत. उभी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानोदुकानी फिरून काटे आणि वजनं खरी की खोटी ते बघायचं. मला ते ‘आकडेबाई’ म्हणतात.

“काय आकडेबाई, आमची इमारत पडणार म्हणे?”

“कोण म्हणतं?”

“खालचा शिंपी म्हणतो. पडणार असेल तर आधी सांग बरं. दाढी करून ठेवतो.”

ताई म्हणाली, “आबा, भलतंसलतं बोलू नका.” पण तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अजून काम चाललंय, आठवड्याभरात सांगते. भाऊजी कपाटाच्या वर चढून माळ्यावरच्या ट्रंका खाली काढत होते. भिंतीवर भार नको म्हणून, असं म्हणाले. मला हसू आलं आणि जरा भरूनही आलं.

२० जानेवारी, मंगळवार

जुळलं!

चौदाच्या चौदा खिळे जुळले. सगळ्यांत जास्त फरक अर्ध्या मिलिमीटरचा. एकवीस वर्षं हे काम करतेय, असं जुळलेलं मी कधी बघितलं नाही. दुर्बिणीला फोन करून शाबासकी दिली तर तो लाजला. “तुमचंच आहे सगळं, मॅडम,” म्हणाला. केवढा विनय.

आता पट्टा आवळला. ज्या कडकपणांनी हे खिळे जुळत नाहीत ते सगळे बाद केले. उरलं आठ ते दहा. मधला आकडा नऊ. मी अहवालात ‘आठ ते दहा’ लिहिलं होतं. साहेबांनी पेन फिरवला.

“पट्टा कमरेला बांधतात बाई, अहवालात नाही. एक आकडा लिहा.”

“पण साहेब, दहा ही मर्यादाच आहे. पट्टा तिला टेकतो.”

“टेकतो ना? ओलांडत नाही ना? मग नऊ लिहा.”

मी थोडं ताणून धरलं. पण इतकं सुंदर जुळलेलं असताना हट्ट तरी कशाच्या जोरावर करणार? नऊ लिहून सही केली.

२२ जानेवारी, गुरुवार

ताईला सांगितलं. “नऊ. खुशाल राहा.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने पदराने तोंड पुसलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. भाऊजी म्हणाले, बरं झालं, डॉक्टरांनी आबांना अजिबात हलवू नका म्हणून बजावलंय, छाती नाजूक आहे.

आबांना मात्र समाधान नाही. “तुझं गणित बरोबर, हे कशावरून?”

“मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघितलं, आबा.”

“आणि मोजलेले आकडे कशाशी ताडले?”

मी म्हटलं, मोजलेलं ते मोजलेलं, ते आणखी कशाशी ताडायचं? तर म्हातारा हसत सुटला, हसता हसता खोकला. मग एक गोष्ट सांगितली. एका धान्याच्या दुकानात त्यांनी अकरा वजनं तपासली. दोन अर्धा किलो मिळून बरोबर एक किलो, पाच एक किलो मिळून बरोबर पाच. एकालाही नाव ठेवायला जागा नाही. आबा सही करून निघाले होते. दारात आले आणि परत फिरून पिशवीतलं स्वतःचं वजन काट्यात टाकलं. अकराची अकरा हलकी. दुकानदाराने एक खोटं वजन केलं होतं आणि बाकीची त्याच्याशी ताडून घासून घेतली होती.

“एकमेकांची साक्ष काढायला सगळेच तयार असतात गं,” म्हणाले.

मी त्यांची उशी नीट केली. या वयात माणसाला जुनी नोकरी सुटत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

 

साहेबांना अहवालाच्या मुखपृष्ठावर लांब रस्त्यावरच्या खिळ्यांचा फोटो हवा होता. मी दुर्बिणीला घेऊन गेले. पहिले दहा खिळे गल्लीच्या तोंडाशी, फरशीत आहेत. चमकत होते. पुढे रस्ता काळाभोर, गुळगुळीत.

“अकरा नंबर कुठाय?”

तो गुडघा चोळायला लागला.

“दादा, खिळे कुठायत?”

“खाली.”

“कशाच्या खाली?”

“डांबराच्या. बारा तारखेला एका दिवसात उरकलं त्यांनी. मी सांगायला धावलो, तोवर रोलर फिरला होता. गुडघा हा असा.”

“बारानंतर तुम्ही आठ दिवस मला आकडे पाठवलेत.”

“रकाना रिकामा ठेवला की ऑफिसातून तक्ता परत येतो, मॅडम. दोनदा आला. मग तुमच्या तक्त्यातले उतरवले. थोडे इकडेतिकडे केले. तंतोतंत बरं दिसत नाही म्हणून.”

मी रस्त्याच्या कडेला बसले. कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर. त्याला वाटलं मला चक्कर आली. तो पाणी घेऊन आला. मी त्याला विचारलं, का केलंत? त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, हेच सहन होत नाही.

“तुम्ही एवढ्या शिकलेल्या. एवढं कॉम्प्युटरवर काढलेलं. दुर्बिणीला डोळा लावून मी त्याच्यापेक्षा जास्त खरं काय सांगणार होतो?”

माझाच आकडा, त्याच्या अक्षरात, माझ्याकडे परत आला आणि मी नाचले. परीक्षेची उत्तरपत्रिका मीच त्याच्या हातात दिली होती. आणि ते डांबर मी बघितलं होतं. त्याच्यावरून चालत गेले होते. खड्डे गेले म्हणून खूश झाले होते!

आठ ते दहा कधी नव्हतंच. पहिले दहा खिळे एकाच जागचे, तेवढ्याने पट्टा आवळत नाही. पाच ते बावीसच आहे. गांडूळ सहा दिवसांवर आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

“कागदावर मोजणी आहे का?”

“आहे, पण खोटी आहे.”

“आहे ना?”

“साहेब, खिळे डांबराखाली आहेत.”

“मग यंत्र थांबवू म्हणता? थांबलं की समोरच्या मातीवरचा दाब सुटतो, जमीन आणखी खचते. हे तुम्हीच मला शिकवलंय.”

ते खरं आहे. थांबवणं हा उपाय नाही. घर रिकामं करणं एवढाच उपाय आहे, आणि त्यासाठी वीसच्या वरचा आकडा लागतो.

दुर्बिणीला घेऊन मी स्वतः गांडुळाच्या पुढे दोन नवे खिळे ठोकले आणि गांडूळ खालून गेल्यावर स्वतः डोळा लावून वाचले. एक साडेचार आला. दुसरा, तिथून तीस पावलांवर, तेरा. साडेचार आणि तेरा! याच्यातून कोणी काय काढायचं? माती जागोजागी वेगळी आहे एवढंच. चौदा नंबरखाली कोणती आहे ते देव जाणे.

३० जानेवारी, शुक्रवार

नगरपालिकेतल्या अधिकाऱ्याकडे गेले. भला माणूस. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग अर्ज माझ्याकडे वळवला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. ‘अपेक्षित खचण, मिलिमीटर.’

“इथे काय लिहू?”

“पाच ते बावीस.”

“यात एकच आकडा बसतो, बाई.”

“मग बावीस लिहा.”

“तुमच्या सहीचा अहवाल नऊ म्हणतो. तो रद्द झाल्याचं तुमच्या साहेबांचं पत्र आणा, मी आज आदेश काढतो.”

साहेब पत्र देणार नाहीत. ते मंगळवारपर्यंत बाहेरगावी गेलेत. फोन उचलत नाहीत.

३१ जानेवारी, शनिवार

ताईच्या पाया पडायची वेळ आली. खरंच पडले.

“इमारत पडणार का?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“त्या दिवशी तर नक्की म्हणालीस.”

“ते चुकलं.”

“कितीने चुकलं?”

“तेही माहीत नाही, ताई.”

“अगं मग मी करू काय? आबांना दोन जिने उतरवायचं म्हणजे काय गादीची वळकटी न्यायचीय? डॉक्टर नको म्हणतायत. तू हो म्हण, आत्ता निघते. नाही म्हण, राहते. हे मधलंच काय घेऊन आलीस?”

भाऊजी म्हणाले की तुझ्या ऑफिसचा कागद खालच्या दारावर चिकटवलाय, त्यावर नऊ लिहिलंय, तुझीच सही आहे. आता तूच येऊन सांगतेस की तिच्यावर विश्वास ठेवू नका. कुंपणानेच शेत खाल्लं तर आम्ही कोणाकडे बघायचं?

पहिल्या मजल्यावरची बाळंतीण, तिचं सतरा दिवसांचं बाळ, शिंपी, वरची दोघं शिक्षक नवराबायको, सगळ्यांकडे जाऊन आले. सगळ्यांनी ऐकलं. कोणी हललं नाही. ‘माहीत नाही’ ऐकून कोण घर सोडतं? मीही सोडलं नसतं.

१ फेब्रुवारी, रविवार

केलं मी ते.

शाळेच्या शिपायाकडून काल रात्रीच हॉलची किल्ली मागून ठेवली होती. पहाटे अंघोळ केली. साइटवरचं हेल्मेट आणि पिवळं जाकीट घातलं, हातात छापलेले कागद घेतले, कुठले का असेनात. खालपासून सुरुवात केली. “नवीन मोजणी आली आहे. सव्वीस मिलिमीटर. परवाच्या आत घर रिकामं करायचंय. शाळेच्या हॉलमध्ये सोय केली आहे.”

पंचवीस म्हटलं असतं तर ठोकून दिल्यासारखं वाटलं असतं. सव्वीस मोजून काढल्यासारखा वाटतो. हे मला एका क्षणात सुचलं आणि स्वतःची किळस आली.

पंधरा मिनिटांत इमारत हलली. शिंप्याने मशीनला दोरी बांधली. बाळंतीण रडायला लागली, पण आवरत होती. कोणी एकाने विचारलं नाही की सव्वीस कसा आला. चार दिवस मी पाच आणि बावीसमध्ये तडफडत होते आणि लोकांना हवा होता एक धडधडीत आकडा, खरा असो की खोटा.

ताईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि आबांचे कपडे पिशवीत भरायला लागली.

२ फेब्रुवारी, सोमवार

आबांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची बसेना, तेव्हा चादरीत घेतलं. मी खालून पाय धरले होते. किती हलके झालेत.

वळणावर थांबलो तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, “मागच्या खेपेला नऊ होता. दहा दिवसांत सव्वीस?”

“हो, आबा.”

“या खेपेला तपासलंस ना?”

“हो.”

त्यांनी डोळे मिटले. आयुष्यभर खोटी वजनं पकडणाऱ्या माणसाच्या तोंडावर मी खोटं बोलले.

हॉल मोठा आहे, छत उंच, फरशी गार. आबांसाठी दोन गाद्या एकावर एक घातल्या. खिडकीची काच फुटलेली होती तिथे पुठ्ठा लावला. ते थोडे खोकत होते. इतक्या लोकांनी सामान हलवलं, धूळ असेल.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गांडूळ आत शिरलं. चौदा नंबरच्या चारही कोपऱ्यांवर खिळे आहेत. मी आणि दुर्बीण आळीपाळीने डोळा लावतोय, दर तासाला. कोणाचाही अंदाज कोणाला सांगायचा नाही, आपापल्या कागदावर लिहायचं आणि मग ताडायचं, असा नियम केलाय. सकाळी १.२. दुपारी ३.८. संध्याकाळी ५.५.

साहेब परत आले. सव्वीसचं त्यांच्या कानावर गेलंय. एवढंच म्हणाले, “हे संपू दे, मग बघतो.”

ताईचा फोन आला होता. आबांना कणकण आहे, जेवले नाहीत. क्रोसिन दे म्हटलं. ६.१ चं वाचन चालू होतं तेव्हा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गांडूळ पलीकडे निघून गेलं. काल दुपारपासून आकडा हलत नाही. चारही कोपरे, दोन माणसं, दोन कागद. सगळ्यांत जास्त ९.३.

इमारतीला तडा नाही. जिना जागच्या जागी. शिंप्याच्या खोलीत गिलाव्याची केसाएवढी एक रेघ, तीही म्हणे जुनी आहे.

नऊ! मी म्हटलं होतं तेच. मला ते म्हणायचा काहीही अधिकार नसताना म्हटलेलं. आंधळ्याने दगड फेकावा आणि तो फळाला लागावा, तसं. दुर्बीण टाळी द्यायला हात पुढे करत होता, माझा चेहरा बघून त्याने हात मागे घेतला.

आबांना सकाळी इस्पितळात हलवलंय. न्यूमोनिया.

७ फेब्रुवारी, शनिवार

आबा गेले. सकाळी सव्वानऊला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताईला सगळं सांगायचं ठरवून गेले. सांगितलं नसतं तर आतल्या आत कुजले असते, आणि सांगण्यात तरी माझाच स्वार्थ होता, तो मला दिसत होता.

ती आबांच्या पलंगावरचा रबरी कपडा धुवून वाळत घालत होती. मी म्हटलं, ताई, सव्वीस खोटा होता. तसं कोणी मोजलं नव्हतं.

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तू दारात उभी होतीस तेव्हापासून. लहानपणी काचेचं भांडं फोडून यायचीस तेव्हा असंच हेल्मेट घातल्यासारखं तोंड करायचीस.”

“मग निघालीस का?”

“तू घाबरली होतीस ते खरं होतं म्हणून.” तिने कपड्याला चिमटे लावले. “मग खरा आकडा होता किती?”

“पाच ते बावीस.”

“आणि निघाला नऊ.”

“हो.”

“म्हणजे तू आधी सांगितलंस तोच.”

“हो, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं, ताई. माहीत आहे असं वाटत होतं.”

“आम्ही राहिलो असतो तर आबा असते.”

“बावीस निघाला असता तर तुम्ही सगळीच—”

“निघाला नाही ना पण.”

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. निघून जा असंही म्हणाली नाही. भाऊजी आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. शेवटचा चिमटा लावून ताई म्हणाली, “हल्ली रोज उठल्यावर मी एकदा तुला माफ करते आणि एकदा नाही करत. जेवायच्या आधी काय होईल ते माझं मलाच ठाऊक नसतं. तू थोडे दिवस येऊ नकोस.”

१६ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. त्याची तयारी करून गेले होते, पिशवीत माझा कप आणि पट्टी भरून.

साहेब प्रसन्न होते. नऊ सांगितला, नऊ आला, याहून चांगला दाखला कोणता? वरच्या मंडळींसमोर मांडायला तक्ता करा म्हणाले. सव्वीसचं प्रकरण ‘खबरदारी’ म्हणून बसवता येईल. आणि पुढचा टप्पा बावीस नंबरची इमारत, सव्वीस तारखेला गांडूळ पोचेल, तेव्हा तोच अहवाल, तोच आकडा, नवी तारीख.

“साहेब, एका इमारतीत बसला म्हणून दुसरीत बसेल असं नाही. तीस पावलांवर साडेचारचे तेरा झालेत.”

“बाई, यश आलंय तर ते घ्यावं माणसाने.”

यश. बाहेर आले, जिन्यात उभी राहिले आणि भिंतीला डोकं टेकलं. तिथे कोणीतरी म्हणालं, मॅडम, लिफ्ट चालू आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आता खरे आकडे आहेत. गेल्या पंधरा दिवसांत मी आणि दुर्बिणीने एकेचाळीस खिळे वाचले, कोणाचाही कागद कोणाला न दाखवता. त्यांवरून बावीस नंबरचं उत्तर येतं सहा ते सतरा. याहून आवळत नाही. रात्रंदिवस आवळून बघितलं.

‘सहा ते सतरा’ लिहून सही केली आणि पाठवलं. साहेबांनी परत पाठवलं. मी पुन्हा पाठवलं. पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा पाठवताना एक प्रत त्या भल्या अधिकाऱ्याला दिली. तो म्हणाला, चौकोनात बसत नाही. मी म्हटलं, चौकोनाच्या बाहेर लिहा. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि समासात लिहिलं, बारीक अक्षरात. पण सतरा वीसच्या खाली आहे, त्यामुळे आदेश निघणार नाही. काढावा असं मलाही छातीठोकपणे म्हणता येत नाही. राहणं धोक्याचं असू शकतं. हलवणंही. आबांनंतर मला हे दुसरं वाक्य पुसता येत नाही.

साहेबांनी सांगितलं आहे की आता महिनाअखेरपर्यंतच. मग माझी गरज नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज बावीस नंबरला गेले. हेल्मेट घातलं नाही. जाकीटही नाही. चार मजले, आठ बिऱ्हाडं. तळमजल्यावरचं दार एका बाईने उघडलं, माझ्याच वयाची, हात पिठाने माखलेले. मी कोण ते सांगितलं. खालून बोगदा जाणार आहे, जमीन खचेल, सहा मिलिमीटर खचेल किंवा सतरा, नक्की कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, असं सांगितलं. सहा झाली तर काय आणि सतरा झाली तर काय, तेही सांगितलं.

तिने हात पदराला पुसले. “म्हणजे राहू की जाऊ?”

माझी पाचावर धारण बसली. ताईचाच प्रश्न, अनोळखी तोंडातून. एक आकडा सांगून मोकळं व्हावं असं इतकं वाटलं की जीभ दाताखाली धरली. मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण आपण दोघी बसून बघू या, तुमच्यासाठी कशात धोका कमी आहे ते. मला आत येऊ द्याल का?

ती बाजूला झाली. मी चपला काढल्या, खुर्चीत बसले, वही उघडली.

“घरात झोपून असलेलं कोणी आहे का?” मी विचारलं.